मावशीला हसणारा प्रेक्षक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तमाशात गण संपतो आणि गौळण उभी राहते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी येतात आणि त्यांच्यासोबत मावशी येते. मावशी म्हणजे डोक्यावरून पदर घेतलेला, कमरेवर हात ठेवलेला एक चांगला मिशीच्या वयाचा बाप्या. ती तोंड उघडायच्या आधीच तंबूत हशा पिकतो. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. माणसं चुनखडीचे खडे वेचतात, पालखी आमराईत जाते, आणि रात्री तंबूत ढोलकी कडाडते. त्या तंबूतला हा हशा मी लहानपणापासून ऐकत आलोय. आज मला त्या हशाबद्दल बोलायचं आहे. नटांवर पुस्तकं निघतात, दिग्दर्शकांच्या मुलाखती होतात. हसणाऱ्या प्रेक्षकाला मात्र कुणी विचारत नाही की बाबा रे, तू नेमका कशाला हसलास? त्याचं मत चहाच्या टपरीवर निघतं आणि कपबशा विसळल्या की तिथंच वाहून जातं.

बाईच्या वेषातल्या पुरुषाला आपण दोन तऱ्हांनी पाहत आलो आहोत. बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर आले की अख्खं नाट्यगृह स्तब्ध व्हायचं. त्यांचं लुगडं कसं, अंबाडा कसा, दागिने कोणते, हे पाहून चांगल्या घरच्या बायका तसं नेसायला शिकल्या. १९६४ साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं, पुढं पुण्यात त्यांच्या नावानं रंगमंदिर उभं राहिलं. तमाशातला नाच्या पोऱ्याही बाईचंच सोंग घेत होता. तमाशाच्या फडात बायका नाचायला येण्याआधी पायांत चाळ बांधून नाचणारी पोरंच होती, फड त्यांच्यावर चालायचा. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. एकाला गंधर्व म्हटलं, दुसऱ्याला नाच्या. यात जातीचा, पैशाचा आणि शहर-खेड्याचा भाग आहेच. पण मला प्रेक्षक म्हणून आणखी एक फरक दिसतो. बालगंधर्वांमध्ये पुरुष दिसेनासा व्हायचा, म्हणून लोक हात जोडायचे. नाच्यात आणि मावशीत पुरुष शिल्लक राहतो, किंबहुना तो मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो. त्या शिल्लक राहिलेल्याला आपण हसतो.

या हशाची किंमत मोजलेला एक माणूस आपल्या चांगला ओळखीचा आहे. कोल्हापूरचे गणपत पाटील. तमाशापटांत त्यांनी नाच्या इतका रंगवला की नाच्या म्हटलं की त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे यावा. त्यांची ती मान वेळावणं, तो लांबवलेला सूर, पदराशी चाळा. गावोगाव पोरं त्यांची नक्कल करायची. पण हा माणूस खऱ्या आयुष्यातही 'तसाच' असणार, असं प्रेक्षकांनी ठरवून टाकलं. बायको-मुलांचा संसार असलेल्या या गृहस्थाला आणि त्याच्या घरच्यांना त्या समजाचे चटके बसले, मुलांच्या लग्नापर्यंत ते पोचले. ही गोष्ट त्यांच्या हयातीतच सर्वांना ठाऊक झाली होती. खलनायकाचं काम करणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायला कुणी कचरल्याचं मी ऐकलं नाही. पडद्यावर खून करून घरी येणारा नट आपल्याला चालतो, पडद्यावर मुरका मारून घरी येणारा चालत नाही. २००८ साली गणपत पाटील गेले.

मग 'अशी ही बनवाबनवी'चं काय, असं तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. १९८८ सालचा हा चित्रपट आमच्या घरात मुलं-बाळं, सुना, आजी असे सगळे एकत्र बसून पाहतात. दूरदर्शन संचाच्या कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर तो लागलेलाच असतो. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची. भाड्याची खोली मिळावी म्हणून सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसतात. हॉलिवूडच्या १९५९ च्या 'सम लाइक इट हॉट'मध्ये खून डोळ्यांनी पाहिलेले दोन वादक गुंडांपासून जीव वाचवायला झगे घालतात. आमच्याकडे जीव नाही, खोली वाचवायची असते. पुण्यात खोली शोधलेल्या माणसाला दोन्हींत फारसा फरक वाटणार नाही. पण या हसण्यात सुरक्षितता आहे. सुधा आणि पार्वती म्हणजे आतून पक्के बाप्ये आहेत, त्यांचं प्रेम पोरींवर आहे, शेवटी साडी उतरणार आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असतं. साडी उतरण्याची हमी असली की आजीसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते.

आता १ जानेवारी २०१० कडे येतो. त्या दिवशी रवी जाधव यांचा 'नटरंग' प्रदर्शित झाला. आनंद यादवांची कादंबरी, अजय-अतुलचं संगीत, अतुल कुलकर्णींचा गुणा. तालमीतला कसदार गडी, मजुरी सुटते, पोटासाठी आणि तमाशाच्या वेडापायी फड उभा करतो. पण नाचणारी म्हणते, नाच्या असेल तरच मी उभी राहीन. नाच्या व्हायला कुणी तयार होत नाही, तेव्हा गुणाच होतो. बायको, बाप, गाव, सगळे तोंड फिरवतात. राजकारणाच्या वैरात त्याच्यावर जो अत्याचार होतो तो आठवला की अजून पोटात ढवळतं.

आमच्या भागात हा चित्रपट तुफान चालला. तेव्हा आम्ही जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत होतो. मी तो पाहून बाहेर आलो तेव्हा लोक काय बोलत होते ते मला नीट आठवतं, कारण मी मुद्दाम पानाच्या ठेल्यावर रेंगाळलो होतो. निम्मे लोक गाण्यांबद्दल बोलत होते. एक जण अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानासारखं शरीर कमावून मग ते कसं उतरवलं याचा हिशेब सांगत होता, जणू बैलाच्या बाजारातून आला होता. फडात आयुष्य काढलेला एक म्हातारा ढोलकीवाला म्हणाला, "मुरका हातातून आला, पोटातून यायला पाहिजे होता. पण पोरगं जिवापाड राबलंय." हे मला त्या दिवशीचं सर्वांत जाणकार मत वाटलं. दोन बायका गुणाच्या बायकोची बाजू घेऊन भांडत होत्या. तिनं काय करावं, पोराला शाळेत काय सांगावं? त्यांचंही खोटं नव्हतं. आणि एक कॉलेजातला पोरगा हळू आवाजात मित्राला विचारत होता, "पण गुणा खरा तसा नव्हता ना?" मित्र म्हणाला, "छे रे, तो पैलवान होता." आणि दोघांनाही बरं वाटलं.

त्या एका प्रश्नात मला अख्ख्या चित्रपटाची तडजोड दिसली. 'नटरंग' हा मोठा चित्रपट आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गुणा पैलवान आहे, त्याला बायको-पोर आहे, नाचणारीही त्याच्यावर जीव टाकते, हे सगळं पुरावे दाखल केल्यासारखं आपल्यापुढं ठेवलं जातं. आमचे अश्रू त्या पुराव्यांवर मंजूर होतात. त्याच्याच तीन-चार महिने आधी, सप्टेंबर २००९ मध्ये, राजीव पाटील यांचा 'जोगवा' आला होता. राजन गवस यांच्या लेखनावर आधारलेला. यल्लम्माला सोडलेला तायप्पा, त्याला जबरदस्तीनं साडी नेसवली जाते. उपेंद्र लिमये यांना त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. तिथंही तायप्पाचं मन सुलीवर आहे, साडी ही सक्ती आहे. दोन्ही चित्रपटांत प्रेक्षक रडतो तो साडी लादली गेली म्हणून. लादली नसती, त्याला स्वतःलाच आवडली असती तर? किंवा साडीचा प्रश्नच नसता, साधा शर्ट-पँटमधला माणूस, फक्त त्याचं प्रेम दुसऱ्या पुरुषावर, तर? तेव्हा आम्ही रडलो असतो का, हसलो असतो, की दगड उचलला असता?

हे प्रश्न मी हवेत विचारत नाही. थिएटरांत 'नटरंग'ची गर्दी ओसरलीही नव्हती, तेव्हा ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री अलीगढमध्ये एका मराठी कवीच्या घरात कॅमेरे घेऊन माणसं घुसली. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. मूळ नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात दोन दशकांहून अधिक काळ मराठी शिकवणारे. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह, त्याला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. स्वतःच्या घरात, बंद दाराआड ते दुसऱ्या एका पुरुषासोबत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. आणि तो कायद्यानं त्या वेळी गुन्हाही नव्हता, कारण दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ रोजीच कलम ३७७ ची ती धार काढून टाकली होती. तरी त्यांना निलंबित केलं गेलं. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, १ एप्रिलला न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला, आणि ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. शरीरात विष सापडल्याच्या बातम्या आल्या, तपास झाला, पण कुणावर दोष सिद्ध झाला नाही. आत्महत्या की खून, हे कोडं तसंच राहिलं.

मी मुसलमान, लिहितो मराठीत. आमच्या लोकांना मी थोडा मराठीतला वाटतो आणि मराठीतल्यांना थोडा तिकडचा. सिरस नेमके उलटे, मराठी हिंदू माणूस अलीगढच्या त्या आवारात मराठी शिकवणारा. जिथं आपली भाषा बोलणारं आजूबाजूला कुणी नाही तिथं बसून कविता लिहिणं म्हणजे काय असतं, याची मला थोडी कल्पना आहे. बाकीची कल्पना मला हंसल मेहता यांच्या 'अलीगढ'नं दिली. २६ फेब्रुवारी २०१६ ला तो प्रदर्शित झाला. मनोज वाजपेयी यांनी सिरस उभे केले आहेत. हातात पेला, लताबाईंचं गाणं लागलेलं, आणि एकटाच डोलणारा एक वयस्क माणूस. त्या प्रसंगात कुणाला हसू येत नाही. माझ्या ओळखीतल्या उर्दू शाळेच्या एका शिक्षकांचं मत होतं की यातून विद्यापीठाची बदनामी होते. मी त्यांना म्हटलं, कॅमेरे घेऊन घुसणाऱ्यांनी जी केली त्यापेक्षा जास्त? ते गप्प झाले, पण पटलं असं म्हणाले नाहीत. मराठीच्या एका प्राध्यापकांना मी विचारलं, सिरसांच्या कविता वाचल्यात का? त्यांनी चित्रपट पाहिला होता. कविता वाचल्या नव्हत्या.

आता थोडं दूर जाऊ. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. मागं एकदा सुटीत धाराशिवला आला तेव्हा त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडून आम्हाला एक स्पॅनिश चित्रपट दाखवला. 'चुएकाटाउन', २००७ सालचा, दिग्दर्शक ख्वान फ्लान. बघायला आम्ही सहा जण होतो. मी, माझी बायको, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक, एक शाळामास्तरीणबाई, तेरकडच्या एका गावातला भारूड करणारा एक कलावंत, आणि रिमोट हातात घेतलेला भाचा. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, भाचा त्यांचं मराठी करून सांगत होता. काही काही संवादांना तो एकदम गप्प व्हायचा. कंडक्टरसाहेब म्हणायचे, "आरं, पडद्यावर समदे हसाय लागलेत, त्ये काय म्हणलं त्ये सांग की." काही प्रसंग त्यानं भराभर पुढं पळवले. तेव्हा पूर्ण तिकीट घेऊन निम्म्या वाटेत उतरवल्याची तक्रार झाली.

गोष्ट अशी. माद्रिदमध्ये चुएका नावाची एक जुनी वस्ती आहे. एके काळी पडीक, मग समलिंगी माणसांनी तिथं घरं घेतली, दुकानं काढली आणि वस्ती झळाळली. इथपर्यंत खरं आहे. चित्रपटात एक घरांचा दलाल आहे, व्हिक्टर. स्वतः समलिंगी, व्यायामानं कमावलेलं शरीर, कपड्यांना एक सुरकुती नाही. याला वस्ती आणखी उंची, आणखी महाग करायची आहे. त्यात अडचण म्हणजे जुन्या घरांत राहणाऱ्या म्हाताऱ्या. घरं विकत नाहीत. मग हा एकेकीला थंडपणे मारत सुटतो. शेजारी राहतं एक जोडपं, लिओ आणि रे. दोघं पुरुष, दोघं जाडजूड, केसाळ, साधे. एक म्हातारी मरताना आपलं घर रेच्या नावे करून जाते, आणि त्या घरात राहायला येते रेची आई, जिला लिओ डोळ्यांसमोर नको असतो. खुनांचा तपास करायला येते एक पोलीस बाई, जिला जगातल्या प्रत्येक गोष्टीची भीती वाटते आणि जिचा मुलगाच तिचा मदतनीस. आईचं काम कोंचा वेलास्को यांनी केलं आहे, पोलीस बाईचं रोसा मारिया सार्दा यांनी. दोघी स्पेनच्या मातब्बर अभिनेत्री, आज दोघीही हयात नाहीत. रंग भडक, बोलणं भडक, मुरके भरपूर. आमच्या वगनाट्याला शोभेल असा सगळा ठसका.

चित्रपट थोर आहे असं मी म्हणणार नाही. मध्ये तो रेंगाळतो, पोलीस बाईच्या भीतीचे विनोद नको तितके ताणले आहेत, आणि खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच कळत असल्यामुळे बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेल्या माणसाला रहस्य म्हणून त्यात काही उरत नाही. पण त्यानंतर चहा घेताना जी चर्चा झाली तिच्यासाठी मी तो पुन्हा बघायला तयार आहे.

माझ्या बायकोला त्यातलं सर्वांत खरं काय वाटलं असेल? घरावर डोळा ठेवून म्हातारीला मारणं. "ह्यात परदेशी काय आहे?" ती म्हणाली. महामार्ग आला, जमिनींचे भाव चढले, तेव्हापासून आमच्या भागात किती म्हाताऱ्यांचे अंगठे कुठल्या कागदांवर उठले हे तिला तोंडपाठ आहे. त्या मानानं ते दोन पुरुष एका घरात राहतात ही गोष्ट तिला किरकोळ वाटली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, ही तर सासू-जावयाची गोष्ट आहे. आईला जावई पसंत नाही, बस्स." आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. आपण 'जावई' म्हणालो. थोडा वेळ त्या स्वतःशीच हसत बसल्या. भाच्याचं म्हणणं होतं की विनोद जुनाट आहेत, आता असले मुरके स्पेनमध्येसुद्धा कुणी मारत नाही, समलिंगी माणूस म्हणजे रंगीबेरंगी आणि नाटकी असं दाखवणं हाही एक साचाच आहे. त्याचं बरोबर आहे. पण त्यात साच्याबाहेरचं काय आहे तेही पाहावं. खुनी देखणा, टापटीप, नायकासारखा. ज्यांच्या बाजूनं आपण उभे राहतो ते दोघं ढेरपोटे, विसराळू, एकमेकांवर चिडणारे. हसणारे आणि हसवणारे एकाच आळीतले. आमच्या मावशीला बाहेरचे हसतात. इथं घरातलेच घरातल्यांना हसत होते, आणि त्या हसण्याचा आवाज वेगळा येतो.

स्पेनला हे सहज जमलं असं समजू नका. फ्रँकोच्या राजवटीत, १९७० च्या कायद्यान्वये, अशा माणसांना समाजाला धोकादायक ठरवून कोंडता येत होतं. १९७५ ला फ्रँको मेला, १९७९ ला त्या कायद्यातून समलिंगींचा उल्लेख गेला, आणि २००५ ला त्यांना लग्नाचा हक्क मिळाला. त्यानंतर दोन वर्षांनी हा चित्रपट. आपल्याकडे दिल्ली न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर २०१३ ला फिरवला, पुन्हा ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ मधला तो भाग रद्द केला. लग्नाचं म्हणणं १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयानं मान्य केलं नाही, तो विषय संसदेवर सोडला. आमच्या कंडक्टरसाहेबांना ह्या तारखांशी घेणं नव्हतं. त्यांचं ठाम मत पडलं, "हे बाहेरचं खूळ आहे. आपल्या मातीत हे नव्हतं."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी त्यांना नळदुर्गाची आठवण दिली. आदिलशाहीतला किल्ला, नदी अडवून बांधलेला पाणीमहाल, आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे दोन धबधबे, नर आणि मादी. त्याच आदिलशाहीच्या राजधानीत, विजापुरात, सतराव्या शतकात हाशमी नावाचा कवी होऊन गेला. डोळ्यांनी अंध होता. दखनीत लिहायचा आणि बाईच्या तोंडून, बायकांच्या बोलीत गझल लिहायचा. पुढं लखनौकडं या प्रकाराला रेख्ती नाव पडलं. तिथले जानसाहेब नावाचे शायर मुशायऱ्यात बाईचा वेष करून, बायकी हातवारे करून रेख्ती म्हणायचे, आणि ऐकणारे लोळून हसायचे. पुढच्या काळात सभ्य लोकांना त्याची लाज वाटायला लागली आणि रेख्ती उर्दूच्या अभ्यासक्रमातून जवळजवळ बाहेर गेली. मराठी संतांनी विरहिणी लिहिल्या, गौळणी लिहिल्या. दाढी-मिशांचे पुरुष स्वतःला बाई म्हणवून देवावर रुसले. ते प्रेम आणि हे प्रेम एकच, असं मी म्हणत नाही. पण पुरुषानं बाईच्या जिभेनं बोलणं हे विमानातून उतरलेलं नाही. ते इथल्याच दगडमातीतलं आहे, पाणीमहालाइतकं जुनं. कंडक्टरसाहेब म्हणाले, "तसलं मी म्हणतच नव्हतो." म्हटलं, मग कसलं? त्यांनी चहाचा कप पुढं केला.

सगळ्यांत शेवटी बोलला तो भारूडवाला. आतापर्यंत तो कोपऱ्यात बसून ऐकत होता. गेली तीसेक वर्षं हा माणूस गावोगावच्या सप्ताहात साडी नेसून नाथांची भारुडं करतो. गोरोबाकाकांच्या तेरला वाढलेला, गळ्यात माळ, घरी नातवंडं. त्याला मी विचारलं, तुझं काय मत? त्यानं जे सांगितलं ते मी जमेल तसं त्याच्याच शब्दांत सांगतो.

"सर, मी साडी नेसलो की म्होरं बसलेले हसत्यात. त्ये मला पायजेलच असतंय. हसलेच न्हाईत तर पुढचं अध्यात्म कोण ऐकल? पण भारूड संपल्यावर साडी सोडून मी चुळा भरायला जातो तवा अंधारात कुणीतरी हात लावतंय, कुणी शिट्टी मारतंय. ती माणसं मघाशी म्होरं बसून हसलेलीच असत्यात. आता तुमचा सिनेमा. आपल्या पिच्चरमधी असा माणूस निघाला की शेवटाला त्याला मार पडतोय, न्हायतर मरतोय, न्हायतर त्याच्या नावानं समदे रडत्यात. ह्यात त्ये दोघं काय करत्यात? भांडत्यात, सासूच्या हातचं खात्यात, आन रात्री घरी झोपत्यात. त्यांच्या अंगावर कुणी धावून जात न्हाई. मारतोय त्यो त्यांच्यातलाच, आन त्येबी घरासाठी. मला हसाय आलं न्हाई फारसं. पण बघायला बरं वाटलं."

मास्तरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या गावात दाखवायचा का हा?" तो म्हणाला, गावात नको. मग थोड्या वेळानं म्हणाला, सप्ताह संपला की माझ्या घरी दाखवा, माझ्या टाळकऱ्यांत एक पोरगं आहे, त्याला दाखवायचा आहे. त्या पोराबद्दल कुणी काही विचारलं नाही. भाच्यानं चित्रपट एका पेनड्राइव्हवर घालून दिला, आणि पळवलेले प्रसंग कुठं कुठं आहेत त्याच्या वेळा कागदावर लिहून दिल्या. कंडक्टरसाहेबांनी तो कागद हातात घेऊन नीट वाचला आणि म्हणाले, याची एक नक्कल मला पण दे.